आर्स गावचा धर्मगुरू

नाताळच्या मंगल पर्वात वेदीवरील दीप, गव्हाणीचा देखावा आणि मध्यरात्रीची उपासना यांची वर्णने आपण नेहमीच वाचतो. त्या वेदीपाशी उभा राहणारा गावचा धर्मगुरू मात्र बहुधा आपल्या दृष्टीआड राहतो. नामकरणापासून अंत्यविधीपर्यंत एका वस्तीची सारी सुखदुःखे ज्याच्या हाती सोपविलेली असतात, तो मनुष्य त्या पदाला योग्य होतो तरी कसा? ज्यांना स्वतःची योग्यता अखेरपर्यंत पटली नाही, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संत जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म फ्रान्समधील लियाँ शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात ८ मे १७८६ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. तीनच वर्षांनी राज्यक्रांतीचा वणवा पेटला. नव्या राजवटीची शपथ नाकारणारे धर्मगुरू लपूनछपून उपासना करीत. बाल व्हियानींनी पहिला ख्रिस्तप्रसाद १७९९ साली असाच, खिडक्या झाकलेल्या एका घरात घेतला. प्राण पणाला लावून धर्मकार्य करणाऱ्या त्या माणसांची मूर्ती त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली.

धर्मगुरू होण्याची ओढ मोठी, पण वाट खडतर! विद्याभ्यास सुरू झाला तोच विसाव्या वर्षी. लॅटिन भाषा काही केल्या तोंडी बसेना. १८०९ साली सैन्यभरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे पडले आणि पुढल्या वर्षी माफी जाहीर होईपर्यंत एका डोंगराळ गावात त्यांना लपून राहावे लागले. त्यानंतर लियाँच्या धर्मविद्यालयात ते परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. त्यांचे गुरू बालेय यांनी मात्र शिष्याची साथ सोडली नाही. विद्येची उणीव भक्ती भरून काढील, असा भरवसा त्यांनी वरिष्ठांना दिला. अखेर १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे व्हियानींना दीक्षा मिळाली. परंतु भाविकांचे पापनिवेदन ऐकून त्यांना क्षमादान देण्याचा अधिकार आरंभी काही महिने त्यांच्याकडे सोपविण्यात आला नाही. पुढे ज्या कार्यामुळे त्यांची कीर्ती झाली, नेमके तेच कार्य त्यांना प्रथम नाकारले गेले होते!

१८१८ च्या फेब्रुवारीत त्यांची नेमणूक आर्स येथे झाली. वस्ती जेमतेम २३० माणसांची. रविवारी चर्च ओस आणि गुत्ते भरलेले. नवे धर्मगुरू पहाटेच्या अंधारात वेदीपुढे गुडघे टेकून बसत. उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढीत. प्रवचने रात्ररात्र जागून पाठ करीत, तरी कधी कधी मध्येच शब्द आठवत नसत. गुत्ते आणि नाचगाणी यांवर त्यांनी कडक शब्दांत प्रहार केले. नाचाचा नाद न सोडणाऱ्यांना ते क्षमादानही नाकारीत. गावातील काहींनी त्यांची निंदानालस्ती केली. १८२४ साली त्यांनी मुलींसाठी विनामूल्य शाळा काढली. पुढे तेथे अनाथ मुलींनाही आश्रय मिळाला.

मग हळूहळू एक पालट घडला. गाव बदलले, हे तर खरेच. पण धर्मगुरूही बदलले. पापनिवेदनाच्या त्या अरुंद पेटीत बसून माणसांची दुःखे ऐकता ऐकता त्यांच्या वाणीतील कठोरता ओसरत गेली. पश्चात्तापी माणसाला ते हलके प्रायश्चित्त देत आणि उरलेले स्वतः भोगीत. देशभरातून यात्रेकरूंची रीघ लागली. दिवसाचे सोळा-सोळा तास ते ऐकत बसत.

एवढे होऊनही मनातील शंका गेली नाही. इतक्या जीवांचा भार आपल्यासारख्या अडाण्याने वाहावा काय, हा प्रश्न त्यांना छळीत राहिला. एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी अश्रू ढाळावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. १८४३ साली मोठ्या दुखण्यातून उठल्यावर ते गुपचूप दार्दिलीला निघून गेले. पण भाविक तेथेही पोहोचले आणि थोड्याच दिवसांत ते परतले. १८५३ साली रात्री पुन्हा निघाले, तेव्हा चर्चची घंटा घणघणली, गाव गोळा झाले आणि लोकांनी त्यांची वाट अडवली. ते माघारी वळले, आपल्या जागी जाऊन बसले आणि पुन्हा ऐकू लागले.

४ ऑगस्ट १८५९ रोजी, एकेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, आर्स येथेच त्यांचे देहावसान झाले. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले आणि १९२९ साली जगभरच्या ग्रामधर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून त्यांना घोषित करण्यात आले. जे परीक्षेत अनुत्तीर्ण झाले, तेच आदर्श ठरले!

वाचकहो, आपल्यालाही कधी घराची, कधी संस्थेची, कधी एखाद्या पोरक्या लेकराची जबाबदारी अवचित उचलावी लागते आणि आपले हात तोकडे वाटतात. योग्यता आधी येते व पद मागून, असे आपण समजतो. आर्सच्या या धर्मगुरूंचे जीवन पाहता आम्हांस वाटते, की सोपविलेल्या जागी टिकून राहणे हीच साधना होय. मनातील शंका सरली नाही, तरी सेवा थांबता कामा नये.