संसदेत कोण काय बोललं हे छापणंही एकेकाळी धोक्याचं होतं. ते बदललं फिरोज गांधींनी

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की तासाभरात मोबाईलवर क्लिप यायला लागतात. कोणता खासदार कुणावर तुटून पडला, कोणत्या मंत्र्याला उत्तर देता आलं नाही, सगळं बसल्या जागी कळतं. पण १९५५ सालात एखाद्या खासदाराने बड्या उद्योगपतीवर सभागृहात घोटाळ्याचा आरोप केला आणि दुसऱ्या दिवशी पेपरने तो जसाच्या तसा छापला, तर कोर्टाची पायरी खासदाराला नाही, संपादकाला चढावी लागली असती.

कारण संविधानाच्या १०५व्या कलमाने खासदाराला संरक्षण दिलं होतं. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी त्याच्यावर खटला भरता येत नाही. सभागृहाच्या अधिकाराने छापल्या जाणाऱ्या अहवालालाही ते संरक्षण होतं. पेपरला मात्र नव्हतं. म्हणजे खासदार बिनधास्त बोलू शकत होता, पण त्याला निवडून देणाऱ्यांपर्यंत ते पोहोचवणारा माणूस उघड्यावर होता.

ही फट बुजवली रायबरेलीच्या एका काँग्रेस खासदाराने. त्यांचं नाव फिरोज गांधी. आज त्यांची ओळख नेहरूंचे जावई, इंदिरा गांधींचे पती आणि राजीव-संजय यांचे वडील अशीच सांगितली जाते. त्यांचं स्वतःचं काम त्या यादीत कुठेतरी हरवून जातं.

फिरोज यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईतल्या एका पारशी कुटुंबात झाला. वडील जहाजावर इंजिनिअर होते. ते गेल्यावर आई मुलांना घेऊन अलाहाबादला आली. तिथे फिरोज यांची मावशी सर्जन होती, तिच्या आधाराने ते वाढले. आडनावाची नेहमीची शंका इथेच मिटवून टाकू. महात्मा गांधींशी त्यांचं कसलंही नातं नव्हतं. आडनाव घराण्यातलंच होतं, त्यांनी फक्त इंग्रजी स्पेलिंग बदललं.

१९३० साली अलाहाबादमध्ये त्यांच्या कॉलेजबाहेर निदर्शनं सुरू होती. निदर्शनं करणाऱ्या कमला नेहरूंना उन्हाने भोवळ आली आणि मदतीला धावला तो फिरोज. त्यानंतर कॉलेज सुटलं, चळवळ सुरू झाली, तुरुंगवास घडला. पुढे लंडनला शिक्षण, १९४२ साली इंदिरा नेहरूंशी लग्न आणि त्याच वर्षी 'चले जाव'मध्ये पुन्हा तुरुंग. १९४६ पासून ते लखनऊला 'नॅशनल हेराल्ड' या वर्तमानपत्राचा कारभार पाहत होते. पेपर चालवताना कोणती बातमी सोडावी लागते आणि का, हे त्यांना अनुभवाने माहीत असणार.

१९५२ साली ते लोकसभेत आले आणि सुरुवातीची बरीच वर्षं मागच्या बाकांवर जवळजवळ गप्पच राहिले. सासरे पंतप्रधान, त्यामुळे जावई शोभेपुरता आहे असं लोकांना वाटलं असेल तर नवल नाही.

डिसेंबर १९५५ मध्ये ते उठले. विषय होता खासगी विमा कंपन्यांचा. रामकृष्ण दालमिया या उद्योगपतीच्या ताब्यातल्या भारत इन्शुरन्स कंपनीत विमेदारांचा पैसा कसा वळवला गेला, ते त्यांनी सभागृहात आकडेवारीनिशी मांडलं. दालमिया साधी असामी नव्हती. 'टाइम्स ऑफ इंडिया' काढणारी कंपनीसुद्धा त्यांनी १९४६ मध्ये विकत घेतली होती. पुढे दालमियांना तुरुंगात जावं लागलं. जानेवारी १९५६ मध्ये सरकारने आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला, २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र केल्या आणि १ सप्टेंबरला एलआयसी जन्माला आली.

आता जरा विचार करा. असं भाषण छापायला किती पेपर धजावले असते?

फिरोज यांनी यावर खासगी विधेयक आणलं. मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतःच्या नावाने मांडलेलं विधेयक म्हणजे खासगी विधेयक. अशी विधेयकं शुक्रवारी चर्चेला येतात आणि बहुतेक तिथेच संपतात. आजवर अशी फक्त १४ विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाली आहेत, शेवटचं १९७० साली. फिरोज यांचं विधेयक त्या १४ पैकी एक. मे १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. वृत्तांत मूलतः खरा असेल, लोकहिताचा असेल आणि त्यामागे कुणाला मुद्दाम बदनाम करण्याचा हेतू नसेल, तर छापणाऱ्यावर खटला चालणार नाही. हेच रेडिओलाही लागू. एवढाच तो कायदा, एखाद-दुसऱ्या पानात मावणारा.

दीडच वर्षात तो उपयोगी पडला. जून १९५७ मध्ये एलआयसीने हरिदास मुंध्रा या व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. एलआयसीच्या गुंतवणूक समितीला विचारलंच नव्हतं. काही शेअर तर बाजारभावापेक्षा जास्त दराने घेतले होते. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज यांनी लोकसभेत हे सगळं उलगडून दाखवलं. विमा सरकारकडे यावा म्हणून लढलेला माणूस आता सरकारी विमा कंपनीलाच जाब विचारत होता. तोही स्वतःच्या पक्षाच्या, स्वतःच्या सासऱ्यांच्या सरकारला.

पेपरांनी ते उचललं. सरकारला चौकशी नेमावी लागली आणि ती आली मुंबईत, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे. त्यांनी सुनावणी बंद दाराआड न घेता सर्वांसमोर घेतली. ऐकायला इतकी गर्दी झाली की बाहेर लाऊडस्पीकर लावावे लागले. काही आठवड्यांत अहवाल आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराने फिरोज गेले. ४८वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

गोष्ट इथे संपत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि विरोधी खासदारांची संसदेतली भाषणं सेन्सॉरच्या कात्रीत सापडली. ८ डिसेंबर १९७५ रोजी एका अध्यादेशाने १९५६ चा तो कायदाच रद्द झाला. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. नवऱ्याचा कायदा बायकोच्या सरकारने मोडला, यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

१९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने त्यातला मुख्य भाग थेट संविधानात ३६१-अ कलम म्हणून गेला. त्यामुळे विधानसभा आणि विधान परिषदेच्या वृत्तांतालाही संरक्षण मिळालं. आता साध्या अध्यादेशाने ते काढता येत नाही.

मात्र त्या कलमात उल्लेख आहे तो वर्तमानपत्रं, वृत्तसंस्था आणि प्रसारणाचा. अटही कायम आहे, वृत्तांत मूलतः खरा हवा. भाषणाची दोन टोकं जोडून अर्थ फिरवलेली क्लिप त्यात बसत नाही. क्लिपवर शंका आली तर मूळ चर्चा तपासता येते. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत १९५२ पासूनच्या लोकसभेच्या चर्चा मोफत वाचायला मिळतात. त्यात १६ डिसेंबर १९५७ ही तारीखही आहे.