हॅरिएट टबमन : सरकारी दप्तराने उशिरा ओळखलेली हेर

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही पक्षांसाठी अनेक स्त्रियांनी हेरगिरी केली. त्यांपैकी हॅरिएट टबमन यांच्या हेरगिरीमुळे शेकडो गुलाम मुक्त झाले. त्या कामाचे निवृत्तिवेतन मात्र त्यांना कधीच मिळाले नाही.

टबमन यांचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यात गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. किशोरवयात एका मुकादमाने दुसऱ्या गुलामावर भिरकावलेले वजन त्यांच्या डोक्यात बसले. तेव्हापासून अचानक गुंगी येण्याची व्याधी त्यांना जन्मभर जडली. १८४९ मध्ये त्या पळून पेनसिल्व्हेनियात पोहोचल्या. त्यानंतर सुमारे १३ वेळा गुप्तपणे परत जाऊन त्यांनी जवळपास ७० जणांची सुटका केली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; परंतु रात्रीच्या वाटा आणि माणसांची पारख त्यांना अचूक साधली होती.

१८६२ मध्ये त्या साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्ट येथे उत्तरेच्या सैन्यतळावर रुजू झाल्या. प्रारंभी त्यांनी रुग्णसेवा केली. पुढे परिसरातील नद्या जाणणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचे टेहळणी पथक त्यांनी उभारले. मळ्यांवरील गुलामांकडून मिळालेल्या माहितीतून कोम्बाही नदीत शत्रूने पेरलेल्या सुरुंगांच्या जागा समजल्या. १ जून १८६३ च्या रात्री कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या कृष्णवर्णीय सैनिकांसह तीन नौका निघाल्या. एक वाटेतच रुतली. उरलेल्या दोन नौका सुरुंग चुकवीत पुढे गेल्या. या मोहिमेत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले.

युद्धानंतर टबमन यांनी आपल्या सेवेचा मोबदला मिळावा म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १८९९ मध्ये त्यांना दरमहा २० डॉलर मंजूर झाले. त्यांतील ८ डॉलर सैनिकाची विधवा म्हणून, तर १२ डॉलर परिचारिका म्हणून होते. हेरगिरीसाठी त्यांत एक डॉलरही नव्हता.

१० मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथे त्यांचे निधन झाले आणि लष्करी सन्मानाने दफनविधी पार पडला. २०२१ मध्ये अमेरिकी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने आपल्या सन्मानितांच्या यादीत त्यांचा समावेश केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेरीलँड राज्याने त्यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हे पद बहाल केले. तेव्हा कोम्बाहीच्या मोहिमेला १६१ वर्षे उलटली होती.