गाणे ऐकणारा औलिया : बुऱ्हाणुद्दीन गरीब

छत्रपती संभाजीनगरहून निघून दौलताबादचा किल्ला मागे टाकला आणि घाट चढला की खुलताबाद लागते. येथे थांबणारे बहुतेक पर्यटक औरंगजेबाची कबर पाहतात आणि वेरूळच्या वाटेला लागतात. ही कबर ज्या आवारात आहे तो मूळचा हजरत जैनुद्दीन शिराझी यांचा दर्गा, आणि त्याच्या समोरच जैनुद्दीन यांचे गुरू हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब विसावलेले आहेत. गाण्याच्या मैफलीला उपासनेचे स्थान देणारा आणि त्यासाठी विद्वानांचा रोष पत्करणारा हा सूफी चौदाव्या शतकात आपल्या परिसरात राहून गेला, याची जाणीव शहरातील फार थोड्यांना असेल.

बुऱ्हाणुद्दीन यांचा जन्म आजच्या हरियाणातील हांसी येथला, सुमारे १२५६ सालचा. तरुणपणी ते दिल्लीला आले आणि हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य झाले. ‘गरीब’ हा त्यांचा लौकिक. या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ परका, परदेशी असा आहे. त्यांनी विवाह केला नाही, संपत्ती जोडली नाही. कवी अमीर खुस्रो आणि अमीर हसन सिजझी हे त्यांचे गुरुबंधू आणि जिवलग मित्र होते. अशा मंडळींच्या सहवासात गाण्याची गोडी लागली नसती तरच नवल.

गुरूंची एकदा त्यांच्यावर इतराजी झाली होती. उतारवयात गुडघ्यांच्या त्रासामुळे बुऱ्हाणुद्दीन घोंगडीची घडी घालून तिच्यावर बसत. गुरू हयात असताना हे स्वतःच गादीवर बसू लागले, अशी चहाडी कोणीतरी निजामुद्दीन यांच्या कानी घातली. बुऱ्हाणुद्दीन शोकाकुल झाले. अखेर अमीर खुस्रो आपली पगडी गळ्यात अडकवून, अपराध्यासारखे गुरूंसमोर उभे राहिले आणि मित्रासाठी क्षमा मिळवली. दरबारातला एवढा मोठा कवी मित्राच्या घोंगडीसाठी मान खाली घालून उभा राहतो, हा प्रसंग मला त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या अनेक चमत्कारांपेक्षा मोलाचा वाटतो.

सूफींच्या चिश्ती परंपरेत गायनाच्या बैठकीला ‘समा’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ गाणे नव्हे, ऐकणे. समाचे सारे मर्म या अर्थातच आहे. कव्वाल फारसी शेर गात आणि साधक ऐकत. परंतु काय गायचे, किती वेळ गायचे, कोठे थांबायचे याचा निर्णय गायकाच्या हाती पूर्णपणे नसे. एखाद्या मिसऱ्याने श्रोत्यांपैकी कोणाच्या अंतःकरणाचा ठाव घेतला, त्याचे डोळे भरून आले किंवा तो उठून उभा राहिला, की कव्वालाने पुढे जायचे नाही. तोच मिसरा पुन्हा, मग पुन्हा, कधी स्वर बदलून, कधी एकाच शब्दावर घोटाळत, त्या श्रोत्याचा आवेग ओसरेपर्यंत गात राहायचे. एक उभा राहिला की त्याच्या सन्मानार्थ सारी मजलीस उभी राहते. मैफल सुरू होताना तिचा शेवट ना गायकाला ठाऊक असतो, ना ऐकणाऱ्याला. ख्यालाच्या बैठकीत समेवर दाद देणारे किंवा संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ घेणारे आपण मराठी रसिक या आनंदाला अनोळखी नाही. कीर्तनात टाळकऱ्यांनी धरलेले धृपद कसे चढत जाते, हेही आपण अनुभवले आहे. समात मात्र श्रोत्याच्या त्या एका क्षणासाठी गाणे अक्षरशः वाट पाहत उभे राहते.

यात किती जोखीम मानली जाई, हे कुतबुद्दीन बख्तियार काकी यांच्या कथेवरून दिसते. १२३५ साली दिल्लीतील अशाच एका बैठकीत एका शेराने ते भावसमाधीत गेले. कव्वाल तोच शेर आळवत राहिले. नमाजाच्या वेळांपुरते शुद्धीवर येत ते चार दिवस त्याच अवस्थेत होते आणि तीतच त्यांचे देहावसान झाले, अशी परंपरा आहे. त्यामुळे समासाठी योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती या तीन अटी घातल्या गेल्या. यांतली शेवटची अट सर्वांत अवघड असावी. ज्याला केवळ करमणूक हवी आहे त्याने तेथे बसू नये, असा तिचा रोख.

धर्मशास्त्राच्या पंडितांना हे मान्य नव्हते. गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत समाच्या वैधतेवर दिल्लीत विद्वानांची सभा भरली आणि वृद्ध निजामुद्दीन यांना तेथे स्वतः हजर राहावे लागले. समावर बंदी आली नाही, पण वादही मिटला नाही. बुऱ्हाणुद्दीन तर या बाबतीत गुरूंच्याही पुढे गेलेले होते. त्यांच्या अनुयायांची बैठकीत डोलण्याची, नाचण्याची रीत एवढी वेगळी होती की त्यांना ‘बुऱ्हाणी’ हे नावच पडले. समकालीन चरित्रकार अमीर खुर्द याने तशी नोंद करून ठेवली आहे.

निजामुद्दीन आणि खुस्रो दोघेही १३२५ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांत महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतील मातब्बर मुसलमान कुटुंबांना दख्खनेत हलवले. निजामुद्दीन यांनी सातशे सूफींसह बुऱ्हाणुद्दीन यांना धाडले, अशी लोककथा खुलताबादेत सांगतात. इतिहासाचा कौल मात्र सुलतानाच्या हुकमाकडे झुकतो. १३२९च्या सुमारास, वयाची सत्तरी उलटल्यावर, बुऱ्हाणुद्दीन येथे आले. ‘गरीब’ या नावाचा मूळ अर्थ त्यांनी आता खऱ्या अर्थाने अनुभवला असेल. सोबत अमीर हसन होते. त्यांचीही कबर खुलताबादेतच आहे.

ज्या देवगिरीत ते आले ती गाण्याला परकी नव्हती. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने ‘संगीत रत्नाकर’ येथेच रचला होता. दौलताबादेत समाच्या बैठका होत होत्या त्या काळात महाराष्ट्रात संत नामदेव कीर्तनरंगी नाचत होते. या दोन प्रवाहांची भेट झाल्याचा पुरावा नाही, पण एकाच काळी, एकाच भूमीवर ते वाहत होते एवढे निश्चित.

दौलताबादेतही विरोध चुकला नाही. या विरोधकांपैकीच एक होते शिराझहून आलेले तरुण विद्वान जैनुद्दीन. बुऱ्हाणुद्दीन यांच्या बैठकांवर त्यांचा उघड आक्षेप होता. बुऱ्हाणुद्दीन यांचे शिष्य रुक्नुद्दीन काशानी यांच्याशी त्यांची चर्चा झाली, पुढे प्रत्यक्ष भेट घडली, आणि आक्षेप घेणारा हा पंडितच शिष्य बनून राहिला. १३३७ मध्ये बुऱ्हाणुद्दीन यांनी उत्तराधिकार त्यांच्याकडेच सोपवला. वादात जिंकणे निराळे आणि प्रतिपक्षालाच मैफलीत आणून बसवणे निराळे.

८ सप्टेंबर १३३७ रोजी बुऱ्हाणुद्दीन यांचे निधन झाले. दख्खनेत त्यांना अवघी आठ वर्षे लाभली होती, परंतु काशानी बंधूंनी त्यांची वचने लिहून ठेवल्यामुळे त्या वर्षांचा तपशील टिकून राहिला. रुक्नुद्दीन यांच्या ‘शमाइलुल अत्किया’ या ग्रंथाचे सतराव्या शतकात दखनी भाषेत रूपांतर झाले. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात पुढे पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा पुत्र नासिरजंग यांना दफन करण्यात आले. जैनुद्दीन १३६९ मध्ये वारले. त्यांनी कोणालाही आपल्या गादीवर नेमले नाही.

खानदेशच्या फारुकी सुलतानांची या दोघांवर श्रद्धा होती. तापीच्या काठी त्यांनी नवे नगर वसवले तेव्हा त्याला बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले आणि पलीकडच्या तीरावरील वस्तीला जैनुद्दीन यांचे. मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी भेटणारे बऱ्हाणपूर ते हेच.