रुपयाचा हिशेब मागणारे बाबासाहेब

निजामी अमलात नांदेड-लातूरच्या बाजारात दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली, दुसरा इंग्रजांचा कलदार. सात हालींचे सहा कलदार होत. हा हिशेब ज्या मजुराला येत नसे, त्याला पेढीवाला सांगेल तेच खरे मानावे लागे. त्याच काळात इंग्रज सरकारकडे रुपयाचा हिशेब मागणारा विद्वान आपल्या समाजात निर्माण झाला. ते म्हणजे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस व १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. पदवी मिळाली.

बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. सरकारने मनास येईल तितके रुपये काढले, की रुपयाची किंमत घटते. महागाई आधी येते, मजुरी मागून रखडत येते. नुकसान गरिबाचे होते. म्हणून चलन काढण्याला पक्की मर्यादा हवी. केन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने उचलून धरलेली चलनपद्धतीही त्यांनी निर्भयपणे नाकारली. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ च्या ग्रंथात त्यांनी सरकारी तुटीचे मूळ दाखवले. कर एकाने गोळा करायचा आणि खर्च दुसऱ्याने, मग काटकसर कोण करणार? पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानात केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालण्याचा अधिकार कलम २९२ ने संसदेला दिला, तर सरकारी हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक कलम १४८ ने नेमला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला ज्या तथागतांच्या धम्मात आणले, त्यांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला हाच मार्ग सांगितला होता. कष्टाने मिळवावे, मिळवलेले राखावे, सज्जनांची संगत धरावी आणि मिळकतीपेक्षा खर्च वाढू देऊ नये.

उपासक-उपासिकांनो, लग्नकार्यासाठी सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी हे आठवा. वही घ्या, जमाखर्च लिहा आणि तो मुलींनाही शिकवा. हिशेब येणाऱ्याला कोणी सहजी लुबाडू शकत नाही.

जय भीम!