होमी भाभा आणि अणूचं केंद्रक

चुंबकाची दोन सारखी टोकं एकमेकांना ढकलतात. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉनही एकमेकांना असेच दूर लोटतात, कारण सगळ्यांवर धन प्रभार असतो. मग केंद्रक फुटत का नाही? १९३५ मध्ये जपानच्या हिदेकी युकावांनी उत्तर सुचवलं: प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधून ठेवणारा आणखी एक कण असावा. अशा कणांसाठी ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव सुचवलं मुंबईच्या होमी भाभांनी.

होमींचा जन्म १९०९ चा. मुलानं इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावं, अशी वडिलांची इच्छा. होमींना ओढ भौतिकशास्त्राची. शेवटी ठरलं: आधी केंब्रिजला इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग, मग मनासारखं शिक्षण. होमींनी दोन्ही करून दाखवलं.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून ते बंगळुरूला शिकवू लागले. युद्ध संपल्यावर जाता आलं असतं, पण ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. १९५६ मध्ये मुंबईजवळ ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. केंद्रक फुटताना बाहेर पडणारी ऊर्जा तिथे काबूत ठेवली गेली.

२४ जानेवारी १९६६ ला आल्प्स पर्वतात विमान कोसळून भाभा गेले. वय अवघं ५६. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला आज त्यांचंच नाव आहे.

शब्दार्थ
केंद्रक – अणूचा मधला भाग
ओढ – मनापासून आवड
अवघं – फक्त

प्रश्न
१. होमी भारतात का अडकले? नंतर काय बदललं?
२. केंद्रक फुटत का नाही, ते घरी मराठीत समजावून सांगा.