रेडिओचं इंजिन सायकलला: सोइचिरो होंडा यांची खरी गोष्ट



तुमच्या घरी नाहीतर शेजारी एखादी अ‍ॅक्टिवा उभी असणारच. तिच्यावर ज्यांचं आडनाव आहे, त्या सोइचिरो होंडांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: टोयोटाने इंटरव्ह्यूत नापास केलं, म्हणून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. टोयोटाने नापास केलं होतं, पण माणसाला नाही, त्याने बनवलेल्या पिस्टन रिंगांना. आणि कंपनी उभी राहिली ती महायुद्धातून उरलेल्या लष्करी मालामुळे. मी रोज कोड लिहितो, पण हा किस्सा मला कुठल्याही मोटिव्हेशनल भाषणापेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

लोहाराचा मुलगा

होंडांचा जन्म १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यात. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. १५ व्या वर्षी होंडा टोकियोच्या एका गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागले. १९२३ मध्ये मोठा भूकंप झाला, शहराला आग लागली. मग गॅरेजकडे जळालेल्या गाड्या येऊ लागल्या. कुठला पार्ट मेला आणि कुठला वाचवता येईल, हे होंडा तिथे शिकले. पुस्तकातून नाही, हात काळे करून.

१९३० च्या दशकात त्यांनी पिस्टन रिंगा बनवायला घेतल्या. टोयोटाकडे पाठवलेल्या ५० पैकी फक्त ३ पास झाल्या. धातूचं गणित आपल्याला येत नाही, हे त्यांना कळलं. कारखाना चालवतानाच ते तांत्रिक शाळेत जाऊन बसले. डिग्रीसाठी नाही, फक्त शिकायला. पुढे रिंगा जमल्या, टोयोटाने घेतल्याही. पण युद्धात बॉम्बहल्ले झाले आणि १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला. उरलेलं सगळं त्यांनी टोयोटाला विकून टाकलं.

हे इंजिन नेमकं कशाचं?

युद्ध हरलेल्या जपानमध्ये ट्रेन खचाखच भरलेल्या, पेट्रोल रेशनवर, खायला तांदूळ नाही. लोक मैलोनमैल सायकल मारून खेड्यातून धान्य आणायचे. १९४६ मध्ये होंडांना एका मित्राकडे एक छोटं इंजिन दिसलं. लष्कराच्या वायरलेस सेटला वीज देणाऱ्या जनरेटरचं. युद्ध संपलं, रेडिओ बंद, इंजिन पडून.

बघणाऱ्यासाठी तो रेडिओचा पार्ट होता. होंडांनी मात्र तो काय काम करतो ते पाहिलं: आत इंधन जातं, बाहेर फिरणारा शाफ्ट मिळतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे हलणारे भाग कमी, त्यामुळे हलकं आणि उघडायला सोपं. मग हा शाफ्ट सायकलचं चाक का नाही फिरवणार?

ओळखलं, पण लगेच बसलं नाही

इथे लक्ष द्या, कारण फॉरवर्डमध्ये हा भाग कधीच नसतो. जनरेटरचं इंजिन एकाच वेगाने चालत राहण्यासाठी बनवलेलं असतं. सायकल थांबते, चढ चढते, पुन्हा निघते. म्हणजे प्लग अँड प्ले अजिबात नाही. होंडांची माणसं प्रत्येक इंजिन पूर्ण खोलायची, दुरुस्त करायची, चालवून बघायची आणि मगच बसवायची.

पहिला प्रयत्न फसला. इंजिन हँडलपुढे लावलं आणि रबरी रोलरने पुढचं चाक फिरवलं. त्या काळचे टायर इतके खराब होते की ते टिकेनात. मग इंजिन सायकलच्या मध्यभागी आणलं आणि बेल्टने मागचं चाक फिरवलं. पेट्रोलची टाकी म्हणून सुरुवातीला चक्क शेकायला वापरतात ते गरम पाण्याचं भांडं लावलं. पेट्रोल पुरेना म्हणून त्यात पाइनच्या झाडाचं तेल मिसळलं.

टेस्टिंग कुणी केलं? त्यांच्या पत्नी साची यांनी. त्या सायकल घेऊन रस्त्यावर फिरल्या आणि परत आल्या तेव्हा कपड्यांवर तेलाचे डाग. कार्बुरेटरमधून तेल उलटं उडत होतं. हा बग वर्कशॉपमध्ये दिसला नव्हता, वापरणाऱ्या बाईंनी दाखवला.

माल संपला, मग?

अशी सुमारे ५०० इंजिनं मिळाली आणि संपली. इथे बरेच जण दुसरा भंगारवाला शोधतील. होंडांनी स्वतःचं इंजिन बनवायला घेतलं. शेकडो इंजिनं खोलून-जोडून त्याचा कुठला भाग कमजोर आहे, हे त्यांना पाठ झालं होतं. १९४७ मध्ये ५० सीसीचं ए-टाइप आलं, ताकद फक्त अर्धा हॉर्सपॉवर. १९४८ मध्ये कंपनी नोंदवली गेली आणि १९४९ मध्ये पूर्ण मोटारसायकल, ड्रीम डी-टाइप. १९५८ च्या सुपर कबचा आकडा २०१७ मध्ये १० कोटींवर गेला. होंडा १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९९१ मध्ये वारले.

तुमच्याही हातात कधी अनोळखी पार्ट आला, जुन्या बाजारातली मोटर असो की बंद पडलेल्या प्रिंटरचा बोर्ड, तर तो कशाचा आहे यावर थांबू नका. चार गोष्टी बघा. त्यावरची पट्टी आणि नंबर काय सांगतात? आत काय जातं? बाहेर काय येतं? आणि तो सतत चालायला बनवलाय की थांबत-थांबत? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि पार्ट जाळून बसतात. होंडांचं निम्मं काम त्याच प्रश्नावर झालं होतं.