गोरेपणाचा दावा : भगतसिंग थिंद

परक्या देशांत अपमान झाला हें ओळखावयास वेळ लागत नाहीं. त्याचा अर्थ उमगावयास मात्र कित्येकदां सबंध आयुष्य अपुरें पडतें. म्हणून भगतसिंग थिंद यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

थिंद यांचा जन्म १८९२ सालीं अमृतसर जिल्ह्यांतील शीख कुटुंबांत झाला. १९१३ मध्यें ते अमेरिकेस गेले, ऑरेगन प्रांतांतील लांकडाच्या गिरण्यांत राबले, व १९१८ सालीं महायुद्ध चालू असतां तेथील सैन्यांत दाखल झाले. डोक्यावरील फेटा त्यांनीं तेथेंही उतरविला नाहीं. त्याच डिसेंबरांत त्यांस नागरिकत्व मिळालें आणि चार दिवसांत काढून घेण्यांत आलें. १९२० सालीं तें पुन्हां मिळालें. तेव्हां तें रद्द करविण्यासाठीं सरकार न्यायालयांत गेलें.

परदेशांतून आलेल्यांपैकीं गोऱ्यांस व आफ्रिकन वंशीयांसच नागरिक होतां येई, असा तेथील कायदा होता. तो कायदाच अन्याय्य आहे असें म्हणून दाद लागण्याचा संभव थोडा होता, हें आम्ही जाणतों. परंतु थिंद यांच्या बाजूनें मांडण्यांत आलें तें असें कीं, ते उच्चवर्णीय आर्य, सबब गोरेच. आणि गोरा अमेरिकन जसा काळ्यांशीं सोयरीक करीत नाहीं, तसा उच्चवर्णीय हिंदी मनुष्य तद्देशीय आदिवासींशीं करीत नाहीं. जातिभेद धिक्कारणाऱ्या गुरूंच्या अनुयायासाठीं हा युक्तिवाद व्हावा, हा केवढा दैवदुर्विलास!

तीनच महिन्यांपूर्वीं ओझावा नामक जपानी गृहस्थास कॉकेशियन वंशाचा नाहीं म्हणून सर्वोच्च न्यायालयानें नाकारलें होतें. थिंद यांनीं तोच वंश सांगितला. तेव्हां १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्या. सदरलंड यांनीं निर्णय दिला कीं, गोरा कोण हें शास्त्रावरून ठरत नसून सामान्य माणसाच्या समजुतीवरून ठरतें. हे न्यायमूर्ति स्वतः बालपणीं इंग्लंडांतून आलेले होते! पुढें अनेक हिंदी लोकांचें नागरिकत्व हिरावलें गेलें. थिंद यांस तें १९३६ सालीं माजी सैनिक म्हणून मिळालें. इतर हिंदी लोकांस मात्र १९४६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. थिंद १९६७ सालीं निवर्तले.

कुंपण चुकीच्या जागीं घातलें, एवढीच ज्याची तक्रार, त्यानें कुंपण मान्यच केलेलें असतें. परदेशीं गेलेल्या मुलाचा अपमान ऐकून संतापणाऱ्या व घरीं भाडेकरूची जात विचारणाऱ्या आमच्या बांधवांनीं याचा विचार करावा.